सेल्वाज्जो ब्लू करायचाय? आधी पाण्याचा हिशोब, दोराचं नंतर बघू

इटलीतला सगळ्यात अवघड ट्रेक कुठला असं विचारलं की लोक सेल्वाज्जो ब्लूचं नाव घेतात आणि फोटो दाखवतात तो हमखास रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचा, खाली निळंशार पाणी आणि वर एक हेल्मेटवाला कड्यावर लटकतोय. फोटो खोटा नाही. पण त्या फोटोमुळे आपली मंडळी तयारीला भलत्याच टोकाने सुरुवात करतात, म्हणजे आधी हार्नेसची (कमरेला बांधायच्या पट्ट्यांची) खरेदी, मग दोर, मग बूट, आणि पाण्याचं काय तर ते तिकडे गेल्यावर बघू. तिकडे बघायला पाणी नाहीच्चे. अख्ख्या वाटेवर एक झरा नाही, एक नळ नाही, एक दुकान नाही. म्हणून मी हे उलट्या क्रमाने लिहितोय.

आधी थोडक्यात जागा समजून घ्या. सार्डिनिया बेटाचा पूर्व किनारा, ओरोसेईचं आखात, बाउनेई गावाची हद्द. सुप्रामोंते नावाचं चुनखडीचं मोठं पठार आहे, ते पूर्वेला सरळ समुद्रात तुटतं आणि त्या तुटलेल्या कड्याच्या अंगाखांद्यावरून ही वाट जाते, पेद्रा लोंगाच्या सुळक्यापासून काला सिसिनेच्या बीचपर्यंत. अंतर साधारण ४० किलोमीटर, जीपीएक्स फाइल (वाटेचा जीपीएस ट्रॅक) कुणाची घेता त्यावर आकडा कमीजास्त होतो. दिवस लागतात ४ ते ६. चाळीस किलोमीटरला सहा दिवस कशाला असं वाटत असेल तर एवढंच सांगतो की काही टप्प्यांवर तासाला एक किलोमीटर झाला तरी खूप झाला.

वाट म्हणून ही १९८७ मध्ये जुळवली गेली, पेप्पिनो चिकालो आणि मारिओ व्हेरिन या दोघांनी. नवीन काही खोदलं नाही, जे होतं तेच जोडलं. तिथले धनगर शेळ्या घेऊन पिढ्यानपिढ्या या कड्यांत राहायचे आणि एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेले कोळसा पाडणारे लोक ओक आणि ज्युनिपरची झाडं तोडून कोळसा खाली बोटींवर उतरवायचे. त्यांच्या खेचरांच्या वाटा, कोळशाच्या भट्ट्यांचे गोल सपाट चौथरे, धनगरांच्या दगड-लाकडाच्या गोल झोपड्या, ज्यांना तिथे कुइले म्हणतात, हे सगळं अजून दिसतं. जिथे दोन जुन्या वाटा जुळत नव्हत्या तिथे दोर लावून उतरायचं, असा तो सगळा मामला.

पाणी

चुनखडी पाणी धरत नाही. पाऊस पडला की भेगांतून थेट पोटात जातो आणि खाली कुठेतरी समुद्रात निघतो. आपल्याकडे बेसॉल्टमध्ये खोदलेली टाकी असतात, अलंग-मदन-कुलंग करताना आपण बिनधास्त दोन बाटल्या घेऊन निघतो कारण वर टाक्यात पाणी आहे हे माहीत असतं. ती सवय इथे मोडायला लागते. कुइलेपाशी दगडाच्या डोणीत साचलेलं पाणी क्वचित दिसेल, ते शेळ्यांचं आहे, त्याच्या भरवशावर प्लॅन करायचा नाही.

हिशोब असा करा. माणशी दिवसाला ४ ते ५ लिटर, त्यात पिणं आणि रात्रीचं शिजवणं दोन्ही आलं. आंघोळ समुद्रात, भांडी समुद्रात. म्हणजे दोन दिवसांचं पाणी पाठीवर घेतलं तर नुसतं पाणीच ८ ते १० किलो, त्यावर दोर, हार्नेस, जेवण, स्लीपिंग बॅग. दोन दिवसांपेक्षा जास्त पाणी घेऊन हा ट्रेक होत नाही, आणि चौघांचे पाच दिवस धरले तर ८० ते १०० लिटर लागतं. मग ते पोचवायचं कसं?

पहिला मार्ग बोटीचा. सांता मारिया नव्हारेझेच्या छोट्या बंदरातून बोटवाले ट्रेकर्सना रसद पोचवायचं काम करतात. तुम्ही आधी ठरवता की अमुक दिवशी अमुक कोवमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या खाडीत, आम्ही असू, ते पाणी आणि जेवणाची बॅग तिथे टाकतात आणि तुमचा कचरा, रिकाम्या बाटल्या परत नेतात. ऐकायला झकास आहे पण सगळं समुद्रावर अवलंबून. हा पूर्वेकडचा किनारा आहे, त्यामुळे वायव्येकडून येणारा माएस्त्राले वारा कितीही घोंघावला तरी कड्याच्या आडोशाला पाणी बऱ्यापैकी शांत असतं, पण वारा शिरोक्को किंवा ग्रेकाले झाला, म्हणजे आग्नेय किंवा ईशान्येकडून आला, की लाटा थेट कोवमध्ये शिरतात आणि बोट लागत नाही. नाही म्हणजे नाही, बोटवाला जीव धोक्यात घालणार नाही आणि तुम्ही त्याला आग्रहही करू नका.

दुसरा मार्ग पठारावरून. गोल्गोच्या पठारापर्यंत कच्चे रस्ते आहेत, तिथून लोकल लोक जीपने आणि मग पायी सामान खाली आणून देतात, किंवा तुम्ही स्वतःच ट्रेकच्या आधी एकदोन दिवस काढून पाणी लपवून यायचं. स्वतः ठेवणार असाल तर जागेचा जीपीएस पॉइंट आणि फोटो दोन्ही घ्या, कारण त्या झाडीत सगळी झुडपं सारखी दिसतात, आणि बाटल्या दगडाखाली सावलीत ठेवा, खाणं ठेवायचं तर टणक झाकणाच्या डब्यात, कारण डुकरं आणि कोल्हे पिशवी फाडतात. दुसऱ्याचं लपवलेलं पाणी दिसलं तर हात लावायचा नाही. हे सांगायची गरज नसावी पण सांगतोय, त्या पाण्यावर चार माणसांचा दुसरा दिवस उभा असतो.

माझं मत विचाराल तर बोट ठरवा, आणि शिवाय मधल्या एका जागी पठाराकडून एक दिवसाचं जास्तीचं पाणी ठेवा. दुप्पट खर्च वाटतो, पण शिरोक्को सुटला तर ट्रेक सोडून वर यावं लागत नाही.

कधी जायचं

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, नाहीतर सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर. बस. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या दगडावरून ऊन असं परत फेकलं जातं की ५ लिटर पाणी दुपारीच संपेल. मे महिन्यात दिवस मोठा, साडेचौदा तास उजेड, पण समुद्र गार. ऑक्टोबरमध्ये समुद्र मस्त पोहण्यासारखा पण उजेड ११ तासच, आणि वाट चुकण्यात दोन तास गेले की अंधारात रॅपल करायची वेळ येते. पहिल्यांदा जाताय तर मे. पाऊस पडून गेल्यावर ओल्या चुनखडीवर पाय ठेवून बघा, जिथे आधीच्या लोकांच्या बुटांनी दगड गुळगुळीत झालाय तिथे साबणच.

तुम्हाला हे जमेल का

चढाई युरोपातल्या हिशोबाने चौथ्या ग्रेडपर्यंत जाते, दगडात ठोकलेले बोल्ट आहेत, पॅच छोटे आहेत. सगळ्यात लांब रॅपल ४५ मीटरच्या आसपास. सह्याद्रीत वानरलिंगी किंवा लिंगाणा ज्यांनी स्वतः लीड करून, म्हणजे सगळ्यात पुढे चढून दोर लावत, केलाय त्यांना तांत्रिक बाजू जड जाणार नाही. ज्यांनी ग्रुपबरोबर जाऊन, दुसऱ्याने लावलेल्या दोराला क्लिप होऊन केलाय त्यांनी मात्र प्रामाणिकपणे विचार करावा, कारण इथे अँकर, म्हणजे दोर अडकवायची पक्की जागा, बघणं, दोर लावणं, खाली उतरून दोर ओढून काढणं, तो अडकला तर काय, हे सगळं तुमचं तुम्हालाच. टीममध्ये निदान दोघं असे हवेत ज्यांना हे झोपेत येतं. नसतील तर सर्टिफाइड माउंटन गाइड घ्या, इटलीत त्याला गुइदा आल्पीना म्हणतात, दोराच्या वाटेवर पैसे घेऊन लोकांना न्यायचा अधिकार त्यांनाच आहे. स्वस्तातला कुणीतरी ओळखीचा पोरगा नको.

आणि वाट शोधणं. हे दोराहून अवघड आहे असं मी म्हणेन. पूर्वीच्या निळ्या खुणा बऱ्याच ठिकाणी पुसट झाल्यात, दगडांच्या रचलेल्या खुणा आहेत पण त्यातल्या काही दुसऱ्याच वाटांच्या आहेत, आणि शेळ्यांच्या वाटा तर इतक्या खात्रीशीर दिसतात की माणूस दहा मिनिटं मजेत चालत जातो आणि पुढे कडा. फोनमध्ये दोन वेगवेगळ्या जीपीएक्स, ऑफलाइन नकाशा, पॉवर बँक, शिवाय कागदी नकाशा. कड्याखाली जीपीएस उड्या मारतो म्हणून ट्रॅकवर डोळे ठेवून चालायचं नाही, पुढची घळ कुठली, धार कुठली, उतरायचंय कुठल्या खोऱ्यात हे आदल्या रात्री नकाशावर सगळ्यांनी मिळून बघायचं.

तयारीसाठी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, पाठीवर १८ किलो घेऊन. उन्हाळ्यात. मग कळेल.

सामान

दोर दोन, ५० ते ६० मीटरचे, हाफ रोप (जोडीने वापरायचे बारीक दोर) असतील तर वजनाला बरे. काहीजण एक दोर आणि ओढायला पातळ कॉर्ड नेतात, पण इथे दगडाला धारदार दातेरी कंगोरे आहेत आणि मध्येमध्ये ज्युनिपरच्या वाळलेल्या फांद्या, पातळ कॉर्ड अडकते आणि ओढून हात कापतात. हार्नेस, हेल्मेट, डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन), प्रुसिक (दोराला आवळून धरणारी पातळ दोरी) माणशी दोन, लांब स्लिंग (पट्टीचे फास), काही क्विकड्रॉ (बोल्टला दोर अडकवायच्या जोडकड्या), लॉकिंग कॅराबिनर. हेल्मेट वर शेळ्या असतात म्हणूनही लागतं, त्या दगड पाडतात.

बूट टणक तळव्याचे, आणि नवे नकोत पण झिजलेलेही नकोत, ही चुनखडी खवणीसारखी आहे, एका ट्रेकमध्ये तळवे खाते. हातमोजे घ्या, लांब पँट घ्या, झुडपं ओरबाडतात. तंबू बहुतेक लोक नेत नाहीत, टार्प (वर ताणायचं कापड) किंवा बिव्ही बॅग (स्लीपिंग बॅगवरची खोळ), शिवाय गुहा आणि ओव्हरहँग, म्हणजे पुढे झुकलेले कडे, भरपूर. पाणी न्यायला कडक बाटल्या आणि घडीच्या पिशव्या दोन्ही, सगळं एकाच पिशवीत ठेवू नका, एक काटा लागला की गेलं.

गॅसचं कॅनिस्टर विमानातून नेता येत नाही, तिकडे घ्या. उघडी आग अजिबात नाही, सार्डिनियात वणव्यांचा इतिहास भयंकर आहे आणि १ जून ते ३१ ऑक्टोबर तर कायद्यानेच कडक बंदी असते. खाण्याचं म्हणाल तर भारतातून थेट येणाऱ्यांनी पेढे, खवा, तूप घरी ठेवा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेऊ देत नाहीत. चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की चालते. तिथलं पाने कारासाउ नक्की घ्या, पापडासारखी पातळ कोरडी भाकरी, धनगर महिनोन्महिने डोंगरात न्यायचे ती हीच, वजन नाही आणि खराब होत नाही, बरोबर पेकोरिनो चीजचा तुकडा.

पोचायचं कसं आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, मोठ्यांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा. इथे एक गोष्ट नीट वाचा: व्हिसासाठी चालणारा साधा विमा दोर लावून केलेली चढाई बहुतेक वेळा कव्हर करत नाही. त्यासाठी वेगळा अॅडव्हेंचर कव्हर घ्या. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी तिथल्या अल्पाइन क्लबची मेंबरशिप घेतली तर बरेचदा रेस्क्यूचा विमा त्यात येतो.

रोम किंवा मिलानहून विमानाने ओल्बिया नाहीतर काल्यारी. तिथून आर्स्ट कंपनीच्या बसने तोर्तोली, आणि पुढे सांता मारिया नव्हारेझे. बस दिवसाला मोजक्याच आणि रविवारी तर विचारू नका, त्यामुळे चौघं असाल तर गाडी भाड्याने घेणं परवडतं, पण गाडी ट्रेकभर कुठे उभी ठेवायची ते आधी ठरवा.

निघण्याआधी बाउनेई नगरपालिकेचे त्या वर्षीचे नियम बघा, नोंदणी, मुक्काम कुठे चालतो कुठे नाही, सामान कुठे ठेवता येतं, गेल्या काही वर्षांत हे कडक झालंय आणि दरवर्षी थोडं बदलतं.

वाट, टप्प्याटप्प्याने

पेद्रा लोंगा म्हणजे समुद्रातून उगवलेला १२८ मीटरचा सुळका. सांता मारियाहून पायी किनाऱ्याने दोनेक तास, किंवा गाडीने थेट. तिथून पुंता जिरादिलीच्या कड्याखालून एक मोठी नैसर्गिक पट्टी वर चढत जाते, रुंद आहे, दोर लागत नाही, पण समुद्रसपाटीपासून थेट पठारावर यायचं आणि पाठीवर दोन दिवसांचं पाणी, त्यामुळे पहाटे निघा. वर धनगरांची कुइले आहेत, मग पोर्तू पेद्रोसूकडे उतार.

दुसरा दिवस पोर्तू पेद्रोसू, पोर्तू कुआउ, मग पुंता सालिनास आणि खाली काला गोलोरित्झे. अजूनही दोर फारसा नाही, पण दगड इथून बिघडतो. पावसाने कातलेली चुनखडी, उभ्या पात्यांसारखी, प्रत्येक पाऊल बघून. पोर्तू कुआउला पाणी टाकून घेणं सोयीचं.

गोलोरित्झेबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. १९६२ च्या दरडीतून तयार झालेला बीच आहे, १९९५ पासून राष्ट्रीय स्मारक, वर १४३ मीटरचा आगुल्या नावाचा सुळका, ज्यावर १९८१ मध्ये अलेस्सांद्रो गोन्या आणि मानोलो या गिर्यारोहकांनी पहिली मोठी चढाई केली. सीझनमध्ये दिवसाला २५० लोकांची मर्यादा, ७ युरो तिकीट, आधी बुकिंग. रात्री राहता येत नाही, बोट किनाऱ्याला लागत नाही, म्हणजे तुमचं पाणी इथे येणार नाही हे लक्षात ठेवूनच टप्पे पाडा. पोहून घ्या आणि पुढे चला.

तिसऱ्या दिवसापासून दोर निघतो. गोलोरित्झे ते बाकू मुदालोरू, जंगल, खडक, चढाईचे छोटे पॅच आणि उतरणं. ज्युनिपरच्या शिड्या आता नेहमीच्या होतात. शिडी म्हणजे आपल्या डोक्यात येते तशी नाही, दोनतीन वाकडेतिकडे खोड कड्याला टेकवलेले, फांद्यांचे तोडलेले बुंधे हीच पायरी, मधल्या फटीत दगड ठोकून बसवलेले, आणि पावलांनी लाकूड चकचकीत झालेलं. पाय बुंध्याच्या टोकाला नाही, खोडाच्या अगदी मुळाशी ठेवायचा. वजन टाकण्याआधी हाताने हलवून बघायचं. एका वेळी एकच माणूस, आणि सॅक जड असेल तर ती दोराने वेगळी ओढून घ्या, पाठीवर सॅक असताना माणूस मागे झुकतो. खाली दरी असेल तर लाजू नका, बिले घ्या, म्हणजे दुसऱ्याला दोराने धरून ठेवायला सांगा. वर्षानुवर्षं उन्हात असलेलं लाकूड आहे ते, धनगराने बांधलं तेव्हा तो त्याची दरवर्षी डागडुजी करायचा.

चौथा दिवस मुदालोरूपासून ओलोल्बित्झी किंवा काला बिरिओलाच्या बाजूला. बाकू म्हणजे घळ, आणि या दिवसात घळीत उतरा, चढा, परत उतरा असंच चालू राहतं. इथे वाट सगळ्यात जास्त चुकते. वर कड्यांच्या तोंडाशी एलिओनोराचा ससाणा दिसतो, काळपट, लांब पंखांचा, सार्डिनियाची मध्ययुगीन राणी एलिओनोरा द'आर्बोरिया हिच्या नावाचा, कारण तिने ससाण्यांना कायद्याने संरक्षण दिलं होतं. सार्डिनियात विषारी साप नाहीत, हे घरच्यांना सांगायला बरं. गोचिड्या मात्र आहेत, रात्री कपडे काढून बघा.

शेवटचा दिवस काला सिसिनेपर्यंत, आणि सगळ्यात जास्त रॅपल याच दिवशी. हळू चालतं. चौघांची टीम असेल तर प्रत्येक रॅपलला अर्धा तास धरा, सहज जातो. दोराच्या टोकाला गाठ मारा, प्रत्येकाने प्रुसिकचा बॅकअप लावा, आणि शेवटच्या माणसाने उतरण्याआधी खालच्याने दोर थोडा ओढून बघायचा की सरकतोय. नाही सरकला तर वर अजून माणूस आहे तोपर्यंत दोन दोर जोडणाऱ्या गाठीची जागा बदला. गाठ कड्याच्या काठाच्या खाली आली की अर्धे प्रश्न सुटतात. एक मात्र मनात पक्कं ठेवा, पहिला लांब रॅपल करून दोर ओढला की मागे फिरता येत नाही. त्यामुळे पाणी किती उरलंय, उजेड किती, सगळे धड आहेत का, हा विचार दोर ओढायच्या आधी.

सोडून यायचं असेल तर

पोर्तू कुआउहून, गोलोरित्झेहून सू पोर्तेद्दूला, मुदालोरूच्या आणि ओलोल्बित्झीच्या बाजूने, या सगळ्या ठिकाणांहून वर गोल्गो पठाराकडे निघता येतं. गोलोरित्झेची वाट सगळ्यात सोपी, साडेतीन किलोमीटर, वर सू पोर्तेद्दूला बार आणि पार्किंग. या वाटा आधीच फोनमध्ये टाकून ठेवा. इमर्जन्सीला ११२, पण घळींमध्ये सिग्नल नसतो, धारेवर यावं लागतं. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो, घ्या. गावात कुणाला तरी, म्हणजे हॉटेलवाल्याला किंवा बोटवाल्याला, टप्पे आणि परतीचा दिवस लिहून द्या.

सिसिनेला पोचल्यावर सीझनमध्ये बोटी असतात, पण शेवटची बोट दुपारीच जाते, म्हणून आधीच आपल्या बोटवाल्याशी वेळ ठरवून ठेवा आणि उशीर झाला तर दुसऱ्या दिवशीची वेळही. समुद्र खराब असेल तर घळीतून वर गोल्गोला चालत जायचं, त्यासाठी माणशी दीड लिटर पाणी शिल्लक पाहिजे. पाय शिल्लक असतील तर पुढे काला लूना, आणि तिथून काला फुइलीपर्यंत चांगली मळलेली वाट आहे, दोर लागत नाही, पुढे काला गोनोने गावात बस मिळते. आणि ज्यांना दोराची भानगडच नको त्यांनी उलट करावं, काला गोनोनेला मुक्काम ठोकून फुइली ते लूना पायी जावं, परत बोटीने यावं, आणि एक दिवस सू पोर्तेद्दूहून गोलोरित्झे.